आईचं चॅनल

माझ्या आईनं स्वतःच्या लेकीपेक्षा टीव्हीवरच्या एका चॅनलवर जास्त विश्वास ठेवला. ही गोष्ट मी आजवर कुणाला सरळ सांगितलेली नाही. कुणी विचारलंच तर म्हणते, लहानीनं अभिनय सोडला, तिला ते जग मानवलं नाही. खरं तर तिला ते जग छान मानवलं होतं. पुढं जे झालं त्यातलं सगळ्यात वाईट मुंबईत झालं नाही, अकोल्याला आमच्या घराच्या फाटकाशी झालं.

लहानी म्हणजे माझी धाकटी बहीण. घरात मी मोठी आणि ती लहानी. शाळेतली नावं शाळेपुरतीच होती. जठारपेठेत आमचं घर आहे. बाबा वीज मंडळात इंजिनिअर होते. दर्यापूरकडच्या खेड्यातून येऊन, वसतिगृहात राहून शिकलेले. आमच्या गल्लीत आमच्या समाजातलं पहिलं घर आमचंच. समोरच्या खोलीत निळ्या कोटातली तसबीर, तिच्याखाली बाबांची खुर्ची, आणि दोन्ही बाजूंना पुस्तकांची कपाटं. ती खोली बाबांची होती. तिथं मोठ्यानं बोलायचं नसे.

आईची खोली मागची. तिथं टीव्ही होता. आई सातवीपर्यंत शिकलेली, लग्न होऊन आली तेव्हा तिला गल्लीत बोलायला कुणी नव्हतं, आणि नंतरही फारसं कुणी झालं नाही. बायका हसून बोलायच्या, पण हळदीकुंकवाला बोलवायचं विसरायच्या. बाबा नोकरीवर, मी पुस्तकात. दुपार आईला एकटीला काढावी लागे. केबलवर ते चॅनल सुरू झालं आणि तिची दुपार भरली.

चोवीस तास फक्त नटनट्यांच्या बातम्या. कोण कुणाबरोबर विमानतळावर दिसलं, कुणाच्या लग्नात कोण कुणाशी बोललं नाही, कुणाचं बाळ कसं दिसतं. एकच चित्रफीत पुन्हा पुन्हा दाखवायची, मग थांबवायची, मग त्यातल्या एखाद्या हाताभोवती किंवा डोळ्याभोवती लाल गोल काढायचा आणि ढोल वाजवायचा. बातमी सांगणारा माणूस असा ओरडे की जणू घराला आग लागली आहे. आई लसूण सोलत, तूरडाळ निवडत हे सगळं मन लावून बघायची. तिला हिंदी त्या चॅनलनंच शिकवलं. कोणत्या नटीची सासू कडक, कोणत्या नटाला दारू सोडायला कुणी लावली, तिला सगळं ठाऊक. "माह्यावालं चॅनल लाव," असं ती म्हणायची, जणू तिच्या नावावर होतं ते.

बाबा कधीतरी दारात उभे राहून म्हणत, "अवं, ह्या काय बातम्या हायेत का?"

"तुमच्या बातम्यांत तरी काय असते?" आई म्हणायची. "भांडणंच असतेत. इथी निदान कपडे तरी चांगले असतेत."

लहानीला हे फार आवडे. शाळेतून आली की दप्तर टाकून ती आईशेजारी बसायची. जाहिराती लागल्या की लाटणं तोंडासमोर धरून त्या ओरडणाऱ्या माणसाची नक्कल करायची. 'आज आमच्या स्वयंपाकघरात नेमकं काय घडलं? भाजीत मीठ कुणी टाकलं?' आई पोट धरून हसायची. आई तशी हसताना मी फक्त त्या खोलीतच पाहिली. मी आतल्या खोलीत रसायनशास्त्र पाठ करत असे आणि मला त्या दोघींचा राग येई. मला त्यात कधी घेतलं नाही, आणि मी मागितलंही नाही.

पुढं माझं लग्न झालं, मी अमरावतीला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायला लागले. लहानी पदवीला माझ्याकडेच राहिली. अभ्यासात बेताची, पण विद्यापीठाच्या युवा महोत्सवात तिला रंगमंचावर पाहिलं तेव्हा मी गप्प झाले. आम्ही दोघी एकाच घरातल्या, पण ती तिथं उभी होती तशी मला माझ्या वर्गातही उभं राहता येत नव्हतं. मुंबईला जाते म्हणाली तेव्हा बाबांनी एकच विचारलं, "सांभाळशीन ना स्वतःले?" ती म्हणाली, "हो बाबा." आणि तिनं सांभाळलं. तीन मुलींबरोबर एका खोलीत राहिली, जाहिरातींत मागे उभी राहिली, एका मराठी मालिकेत नर्स झाली. मग एका हिंदी मालिकेत तिला नायकाच्या बहिणीचं काम मिळालं. रोजची मालिका. नायक लोकप्रिय, लग्न झालेला, एका मुलीचा बाप.

त्या मालिकेच्या सेटवर एकदा वाढदिवसाचा केक कापला गेला. ते आईच्या चॅनलनं दाखवलं. त्यात लहानी अर्धं मिनिट होती. कुणाच्या तरी गालाला क्रीम लावताना. आईनं गल्लीतल्या बायकांना हाका मारून बोलावलं. हळदीकुंकवाला विसरणाऱ्याही आल्या. मी त्या दिवशी अकोल्यात होते. आई टीव्हीच्या काचेवर बोट ठेवून दाखवत होती, "पाहा, माह्या चॅनलवर माही पोट्टी!" सगळ्या बायकांना चहा झाला, चिवडा झाला. जाताना एकजण म्हणाली, "तुमचं नशीबच उघडलं बाई." आईनं ते वाक्य मला संध्याकाळपर्यंत चारदा सांगितलं.

त्यानंतर वर्षभरानं त्या नायकाचं आणि त्याच्या बायकोचं बिनसलं. ती मुलीला घेऊन माहेरी गेली. चॅनलला बातमी मिळाली, पण अर्धीच. नवराबायको वेगळे झाले एवढ्यानं भागत नाही, तिसरं कुणीतरी लागतं. एक दिवस दुपारी चॅनलनं विचारायला सुरुवात केली, 'कौन है वो?' दुसऱ्या दिवशी तीच केकची चित्रफीत आली. क्रीम लावणारा हात थांबवला, त्याच्याभोवती लाल गोल काढला. गाल नायकाचा होता. हात लहानीचा होता. 'पर्दे की बहन, असल में क्या?' असं पडद्यावर धडाधड उमटायला लागलं. जी चित्रफीत आईनं बोट ठेवून गल्लीला दाखवली होती, तीच.

लहानीचा मला फोन आला तेव्हा ती रडत नव्हती, चिडली होती. "ताई, त्या केकच्या वेळी सेटवर सगळं युनिट होतं. सगळ्यांनी एकमेकांना क्रीम फासलं. बाकीचे कापून टाकलेत."

"मग तसं सांग ना कुणाला तरी."

"कुणाला सांगू? निर्मात्यांचा माणूस म्हणतो, आत्ता काही बोलू नको, मालिकेकडे लोक वळले आहेत."

मी तिला विचारलं नाही की खरं काय आहे. मला विचारावंसं वाटलंच नाही. मी तिला ओळखत होते.

आईला मात्र ती स्वतः फोन करून सांगत होती. स्पीकरवर होता तो फोन, कारण आईच्या हाताला पीठ होतं. मी त्या रविवारी अकोल्याला गेले होते म्हणून ऐकलं. लहानीनं सगळं समजावलं. आई ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "पण बाई, ते तर दाखवून राहिले ना."

"आई, अर्धंच दाखवून राहिले."

"येवढं मोठं चॅनल हाय. उगाच काहून दाखवतीन ते? तुह्याशी त्यायचं काय वैर हाय?"

 आईला वाटलं फोन कटला. तो कटला नव्हता.

मी आईवर ओरडले. ती कणीक मळत राहिली. म्हणाली, "मी काई वाईट बोलली का? इतके वर्षं पाहून राहिली मी. त्यायनं जे जे सांगतलं, ते पुढं खरंच निघालं."

चॅनलची गाडी आली तेव्हा मी अमरावतीला कॉलेजात होते. पुढचं सगळं बाबांनी सांगितलं, आणि जे त्यांनी सांगितलं नाही ते साऱ्या देशाबरोबर मीही पाहिलं.

एक कॅमेरावाला आणि एक बातमीदार मुलगी. ही मुलगी आईच्या ओळखीची होती, म्हणजे आई तिला कित्येक वर्षं पडद्यावर बघत होती. बाबांना वाटलं, आपण शिकलेली माणसं, नीट बसवून समजावून सांगितलं तर समोरचा ऐकतो. त्यांनी त्यांना समोरच्या खोलीत बसवलं. इस्त्रीचा शर्ट घालून आपल्या खुर्चीत बसले. कॅमेरावाला म्हणाला, काका, जरा त्या बाजूच्या भिंतीजवळ बसता का, मागं मोकळं पाहिजे. बाबांनी मागं तसबिरीकडे पाहिलं आणि म्हणाले, "मी इथीच बसतो." मग त्यानं कॅमेरा इतका जवळ आणला की बाबांच्या डोक्यामागे चौकटीची फक्त एक कड दिसत होती.

बाबा खूप वेळ बोलले. आपण कुठून आलो, मुलींना कसं शिकवलं, अभिनय हेही कामच आहे, सेटवरच्या गंमतीचा असा अर्थ काढणं म्हणजे एका मुलीचं आयुष्य नासवणं. शुद्ध हिंदीत, शब्द निवडून. बाबांनी ते आदल्या रात्री मनात जुळवून ठेवलं असणार. त्यातलं चॅनलनं एक वाक्य घेतलं. 'लड़की बड़ी हो गई है, अपने फ़ैसले ख़ुद करती है.' त्याच्यापुढं होतं की म्हणूनच माझा तिच्यावर पूर्ण भरवसा आहे. ते गेलं. उरलं ते असं वाटत होतं की बापानं हात झटकले.

बाहेर पडताना त्यांनी घराचं चित्रण केलं नाही. आमच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर एक पत्र्याची खोली होती, कुणीतरी कडबा ठेवायला बांधलेली. तिच्या मोडक्या दारावर कॅमेरा सावकाश फिरला आणि आवाज सांगत होता की याच गरिबीतून एक मुलगी निघाली, आणि वर पोचायची तिला किती घाई होती. बाबांचं दुमजली घर, त्यांच्या पगारातलं, कर्जातलं, हट्टातलं घर, देशाला दिसलंच नाही.

आणि मग फाटक. आई त्यांना सोडायला फाटकापर्यंत गेली. चांगल्या कपांत चहा दिला होता, जाताना पिशवीत चिवडा बांधून दिला. त्या मुलीनं आईचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. मराठीत म्हणाली, "आई, तुम्हाला किती त्रास झाला असेल ना? मनात काय येतं तुमच्या?" छोटा माइक तिच्या ओढणीवर होता. कॅमेरा गाडीच्या आड होता. आईचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "माह्या पोरीनं असं कराले नोयतं पाहिजे. दुसऱ्याच्या लेकराचा बाप हाय तो."

बस्स. चॅनलला जे कुठंच मिळत नव्हतं ते आईनं आमच्या फाटकात उभं राहून देऊन टाकलं. तीन दिवस ते चाललं. आईचा भरलेला चेहरा, खाली हिंदी भाषांतर, मागं रडवं संगीत. 'माँ ने मान लिया.'

लहानीनं ते मालिकेच्या सेटवर, मेकअपच्या खोलीत, बाकीच्या नट्यांबरोबर पाहिलं. कुणीतरी मुद्दाम आवाज मोठा केला, असं ती सांगते.

आता नाही म्हणायची सोयच उरली नव्हती. सख्ख्या आईनं कबूल केल्यावर मुलीचं कोण ऐकणार? मालिकेत नायकाची बहीण परदेशी शिकायला गेली आणि परत आली नाही. दुसरं काम ठरत आलं होतं, त्यांनी फोन उचलणं बंद केलं. घरमालकानं सोसायटीचं नाव पुढं करून तिला खोली सोडायला सांगितली. तिनं बॅग भरली आणि ती निघाली. माझ्याकडे यायला बडनेऱ्याला उतरली. अकोला वाटेत लागतं. गाडी तिथं थांबते. ती डब्यातच बसून राहिली.

तिकडं बाबांचं काही वेगळंच चाललं होतं. ते केबलवाल्याच्या दुकानात गेले. या माणसाच्या बापाचं मीटर बाबांनी उभं राहून बसवून दिलं होतं, ओळख जुनी. बाबांनी त्याला सांगितलं की निदान आपल्या गल्लीत तरी ते चॅनल बंद कर.

"काका, तुमच्या एका घरासाठी कसं बंद करू?" तो म्हणाला. "आन् खरं सांगू का, आत्ता तर सारे तेच पाहून राहिले. पयले कोणी मांगत नोयते, आता मांगून राहिले."

हे त्यानं वाईट हेतूनं सांगितलं नसावं. धंद्याची गोष्ट म्हणून सांगितलं. बाबा घरी आले आणि त्यांनी मागच्या खोलीतली वायर पक्कडीनं कापली. चाळीस वर्षं विजेचं काम केलेला माणूस, पण नीट कापता आली नाही त्यांना.  आठवडाभरानं आई मोबाइलवर तेच बघायला शिकली. शेजारच्या काकूंनी शिकवलं. त्या काकू आता रोज यायच्या. त्यांनाच मी एकदा जिन्यातून दुसऱ्या बाईशी बोलताना ऐकलं. "पोरगी तशी चांगली होती हो, पण शेवटी यांच्यात…" माझी चाहूल लागली आणि त्या थांबल्या. वाक्य पुरं करायची गरज नव्हतीच. मी त्यांच्यासमोरून खाली उतरले, चपला घातल्या आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आले, कारण मला जायचं कुठंच नव्हतं.

लहानी माझ्याकडे अमरावतीला सहा-सात महिने होती. घराबाहेर पडत नसे. माझ्या नवऱ्यानं तिला एकही प्रश्न विचारला नाही, यासाठी मी त्याची ऋणी आहे. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिला सेमाडोहला घेऊन गेलो. मला वाटलं, जंगल आहे, फोनला रेंज नाही, टीव्ही नाही, जरा मोकळी होईल. पहिल्या दिवशी झालीही. सिपना नदीच्या काठावर दगडावर बसून तिनं पाण्यात पाय सोडले आणि कॉलेजातल्या एका नाटकाची गंमत सांगितली. मी कितीतरी महिन्यांनी तिचे दात पाहिले.

दुसऱ्या सकाळी चहाच्या टपरीवर एक कुटुंब होतं, जंगल बघायला आलेलं. त्यातल्या बाई आमच्याकडे बघत होत्या. मग आल्याच. "तुम्ही त्याच ना? त्या मालिकेतल्या?"

मी उठले. लहानीनं मला हातानं बसवलं. "हो," ती म्हणाली.

"अय्या! एक फोटो घेऊ का?" फोटो झाला. बाई जाईनात. आवाज खाली आणून म्हणाल्या, "राग नका मानू हं. पण ते खरं होतं का हो?"

लहानीनं त्यांच्याकडे पाहिलं. "हो," ती म्हणाली. "खरं होतं."

बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी तिचा दंड दाबला, "होतं असं," म्हणाल्या आणि आपल्या माणसांत गेल्या. तिथून आम्हाला त्यांचं हसणं ऐकू येत होतं.

"तू असं का सांगितलंस?" मी चिडून विचारलं.

"नाही म्हणून पाहिलं की ताई. किती वेळा पाहिलं. नाही म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो. मग त्या मलाच समजावायला लागतात की होतं असं, लपवू नका." तिनं कपातला चहा जमिनीवर ओतला. "हो म्हटलं की लवकर जातात."

त्या दिवशी दुपारी तिनं मला सगळं सांगितलं. सेटवर सगळ्यांना माहीत होतं की नायकाचं प्रकरण नायिकेशीच होतं. नायिकेचा पहिला सिनेमा यायचा होता, तिचं नाव यात येऊन चालणार नव्हतं. मग कुणाचं तरी नाव द्यायला हवं होतं. नायकाचा प्रसिद्धी सांभाळणारा माणूस आणि चॅनलचा माणूस एकत्र जेवले, आणि एक नाव निघालं. जिच्या मागं कुणी नाही अशीचं. लहान गावातली, बाप कुणी मोठा नाही, ओळख नाही, आडनावावरून कळतं कुणातली ते. "मला कळल्यावर मी त्याला विचारलं," ती म्हणाली. "नायकाला. मालिकेत राखी बांधायचे मी त्याला. तो म्हणाला, तुझं तर नावच झालं ना, आधी तुला कोण ओळखत होतं?"

सिनेमा आला, चालला. पुढच्या वर्षी त्या दोघांचं लग्न झालं. राजस्थानातल्या कुठल्याशा महालात. चॅनलनं मेंदीपासून पाठवणीपर्यंत सगळं दाखवलं आणि त्यांची प्रेमकहाणी सेटवर पहिल्या दिवसापासून कशी फुलली ते सांगितलं. पहिल्या दिवसापासून. म्हणजे ज्या दिवसांत ते लहानीच्या हाताभोवती गोल काढत होते, त्याच दिवसांत. एकाही शब्दानं तिचा उल्लेख नव्हता. माफी वगैरे तर सोडाच, त्यांना ती आठवतही नसावी.

मला वाटलं, आता तरी आईला समजेल. मी मुद्दाम फोन केला. "बघतेस ना?"

"हो ना," आई म्हणाली. "काय लुगडं नेसवलं हाय तिले! जोडा शोभते हो."

"आई, मग लहानीचं काय? तेव्हा काय सांगत होते हे?"

 "तेवा तसं असन," ती म्हणाली. "आता हे."

लहानीनं अभिनय सोडला नाही, अभिनयानं तिला सोडलं. ती आता पुण्यात असते. परदेशी मालिकांना मराठी-हिंदी आवाज देते. काळ्या काचेच्या खोलीत बसून दुसऱ्यांच्या तोंडात शब्द घालते. काम चांगलं करते, असं तिचे लोक सांगतात. तिचा चेहरा आता कुणाला दिसत नाही, आणि तिला ते बरं वाटतं.

मागच्या पावसाळ्यात बाबा गेले. खुर्चीत बसल्याबसल्या, पेपर हातात. वायर कापल्यापासून ते फारसे बाहेर पडतच नव्हते. संध्याकाळचं फिरणं, वाचनालय, सगळं सुटलं होतं. लहानी आली. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा अकोल्याच्या घरात. पुण्यानुमोदनाच्या दिवशी भन्तेजी आले, वंदना झाली, आणि गल्ली लोटली. बाबांना कुणी इतकं ओळखत होतं असं मला वाटलं नव्हतं. मग लक्षात आलं, लोक तसबिरीखाली ठेवलेल्या बाबांच्या फोटोला फुलं वाहत होते आणि नजरेनं लहानीला शोधत होते. एका मुलीनं तर पाठमोरं उभं राहून स्वतःचा फोटो काढला, असा की मागं रडणारी लहानी यावी. मी तिच्या हातातून फोन घेतला आणि तो फोटो पुसला. तिची आई म्हणाली, "इतकं काय त्यात?"

पाहुणे गेल्यावर आम्ही तिघी स्वयंपाकघरात उरलो. भांडी पडली होती. लहानी ओट्याला टेकून उभी होती. तिनं एकदम विचारलं, शांतपणे, जणू मीठ कुठं आहे विचारावं तसं. "आई, तेवा फाटकापाशी तू तसं काहून बोलली वं?"

मला वाटलं आई टाळेल. तिनं टाळलं नाही. हातातलं ताट विसळलं, मग नळ बंद केला.

"ती पोरगी मले आई म्हणे," ती म्हणाली. "माहा हात धरून होती. तुमच्या मनात काय येते म्हणे. मले कोणी इचारलं होतं का कधी, मनात काय येते म्हणून? तुह्या बाबानं इचारलं? मोठीनं? या गल्लीतल्या कोणी? तुमी फोन करा तर बीपीची गोळी घेतली का, येवढंच. तिनं इचारलं तर मले भरून आलं. मंग निंगालं तोंडातून."

"पण खरं वाटलं होतं का तुले ते?" लहानीनं विचारलं.

"त्या वक्ती वाटलं."

"आणि आता?"

आईनं पदरानं हात पुसले. "आता काय त्याचं," ती म्हणाली. "झालं ना ते."

लहानी तिच्याकडे बघत राहिली. मीही बघत होते. मला आईची कीव आली आणि त्याच वेळी तिचा असा संताप आला की मी ओटा घट्ट धरून ठेवला. तिचं खोटं नव्हतं. त्या घरात तिला खरंच कुणी विचारलं नव्हतं. पण जिनं विचारलं तिला आईनं आपली मुलगी देऊन टाकली, आणि ते आता 'झालं'.

दुसऱ्या दिवशी मी लहानीला स्टेशनवर सोडायला गेले. गाडी उशिरा होती. ती म्हणाली, "मला वाटत होतं, ती एकदा तरी म्हणेल, चुकलं माझं. मी कितीदा ते मनात बोलून पाहिलं, तिच्या आवाजात. आवाज काढता येतो ना मला." मग म्हणाली, "आता नाही येणार मी ताई. तू रागावू नकोस." मी रागावले नाही. आणि ती आलेलीही नाही.

मी मात्र जाते. महिन्यातून एखाद्या रविवारी, सकाळच्या बसनं. आई एकटीच असते. परवा गेले तेव्हा ती पलंगावर बसून मोबाइल बघत होती. पडद्यावर कुणी नवी मुलगी होती, वीस-बावीस वर्षांची, गाडीकडे धावत होती, तोंडावर ओढणी. तिच्या मनगटाभोवती लाल गोल होता. तोच ढोल, तेच ओरडणं. आई म्हणाली, "पाह्य बाई. हिच्या मायले काय वाटत असन."

मी आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आपण काय बोललो ते तिला कळलं का, हे मला बघायचं होतं. तिथं काहीच नव्हतं. खरी हळहळ होती, बस्स, त्या मुलीच्या आईबद्दलची. तिनं अंगठ्यानं ते वर सरकवलं आणि पुढचं लावलं.

मी पिशवी उचलली आणि म्हणाले, अमरावतीची बस निघेल. बसला अजून पुष्कळ वेळ होता.